सात म्हणालात की हात?

आमच्या वडिलांनी छत्तीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजविली. पापडीपासून आगाशीपर्यंत असे एखादे गाव नसेल की जिथल्या मांडवासमोर ते उभे राहिले नसतील. उजव्या हाताला ट्रम्पेट, पाठीमागे मोठा ढोल आणि मध्ये हे. चालता चालता कोणाचा सूर किंचित घसरला तरी त्यांची मान तिकडे वळत असे. या माणसाला एक दिवस समोरच्याचे बोलणे समजणार नाही, असे कोणी सांगितले असते तर आम्हां दोघा भावांना हसूच आले असते.

आमची बहीण कुवेतला असते. २०२० सालच्या टाळेबंदीत घरातल्या संगणकावर रविवारची मिस्सा पाहण्याची सोय आम्ही केली, आणि त्याच संगणकावरून दर शुक्रवारी संध्याकाळी बहिणीशी बोलण्याचा परिपाठ सुरू झाला. शुक्रवार एवढ्यासाठी की, तिकडे सुटी शुक्रवारी असते. संगणक भिंतीला लावलेल्या टेबलावर, आणि वडील दरवाजाजवळच्या आपल्या आरामखुर्चीत. सुमारे १२ फुटांचे अंतर. त्यांना पडद्यावरची मुलगी दिसायची, ते हात हलवायचे, 'हो हो' म्हणायचे. आम्हांला वाटे, सारे काही ठीक चालले आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरातील एका शुक्रवारी बहीण म्हणाली, "पप्पा, काल पहाटे सासूबाई वारल्या." वडिलांनी हसून मान डोलावली आणि मोठ्याने म्हणाले, "आल्या? छान, छान! आता महिनाभर ठेवून घे त्यांना."

पडद्यावर बहिणीचा चेहरा जसा होता तसाच राहिला. आमच्यापैकी एकाने घाईघाईने विषय बदलला, दुसऱ्याने नंतर वडिलांच्या कानाशी वाकून खरी गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी ते फुलझाडांना पाणी घालीत बसले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांना झोप आली होती. तिसऱ्या खेपेला आम्ही बोलाविलेच नाही, आणि याची लाज आम्हांला अजून वाटते.

घरात दोन मते पडली. थोरल्याचे म्हणणे, दोष कानांचा आहे, कानाच्या डॉक्टरांकडे न्या. वडिलांनी यास तीनदा नकार दिला. धाकट्याचे म्हणणे, दोष यंत्राचा आहे. चांगले स्पीकर आणा, म्हणजे सारे ऐकू येईल. वडिलांना अर्थातच दुसरे मत पटले. यंत्राचा दोष मान्य करायला माणसाला काही खर्च येत नाही. आम्हांला मात्र आला.

येथे शब्दांविषयी एक खुलासा केला पाहिजे. मराठीत ध्वनिवर्धक व ध्वनिक्षेपक असे दोन भारदस्त शब्द आहेत. पण मांडवात पाहावे तर बोलायच्या यंत्राला, ऐकवायच्या यंत्राला आणि मधल्या पेटीला कोणी कोणताही शब्द लावतो. तेव्हा आम्ही बाजारातले स्पीकर आणि अॅम्प्लिफायर हेच शब्द वापरतो. स्पीकर म्हणजे जो हवा हलवतो तो, आणि अॅम्प्लिफायर म्हणजे त्याला हलवण्याचे बळ देतो तो.

हे बळ संगणकाजवळ नसते. १९८१ मध्ये आयबीएमचा घरगुती संगणक आला तेव्हा त्यात एक छोटा स्पीकर होता आणि तो मुख्यतः 'पीं' म्हणत असे. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने साउंड ब्लास्टर नावाचे कार्ड आणले. अशा कार्डांमुळे संगणक गाऊ लागला, बोलू लागला. आता तो भाग संगणकाच्या पोटातच येतो. परंतु मागच्या हिरव्या छिद्रातून जी वीज बाहेर येते ती कानाला लावायच्या हेडफोनपुरती, म्हणजे वॅटच्या काही हजाराव्या भागांची. खोलीत बसलेल्या माणसापर्यंत आवाज न्यायचा तर मध्ये अॅम्प्लिफायर हवाच. आमच्या पडद्याच्या मागे दोन इवलेसे स्पीकर होते आणि त्यांची तोंडे भिंतीकडे होती. म्हणजे आमची बहीण इतके दिवस भिंतीशी बोलत होती आणि भिंत वडिलांना सांगत होती.

पहिली खरेदी आम्ही वसईच्या बाजारात केली, आणि ती चुकली. ज्याला दुकानात सरसकट 'वूफर' म्हणतात तो संच: एक मोठे खोके, दोन लहान डब्या, समोर निळे दिवे. ३,२०० रुपये. खोक्यावर चार आकडी वॅट छापलेले होते. १९९०च्या दशकात टेप-रेकॉर्डरच्या खोक्यांवर पीएमपीओ नावाने असेच आकडे झळकत, ते जुन्या वाचकांना आठवत असतील. त्या आकड्यांना मोजमापाचा कोणताही ठरलेला आधार नसे. खरे पाहायचे तर खोके उलटे करून विजेचा अॅडॅप्टर पाहावा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपियर लिहिले असेल तर गुणाकार २४ वॅट होतो. आत २४ वॅट जात असताना बाहेर सतत हजार वॅट निघणे हा चमत्कार होय, आणि चमत्कारांची चौकशी करण्याची पद्धत तर आपल्याकडे आहेच. आम्ही ती केली नाही.

संच घरी आणून लावला. खिडकीच्या काचा थरथरल्या. वडील पाच मिनिटे ऐकत बसले आणि म्हणाले, "ढोल चांगला वाजतोय. पण मुलगी कुठे आहे?"

या एका वाक्याने आमचे डोळे उघडायला हवे होते. पण ते काम गावातल्या एका वृद्ध लाउडस्पीकरवाल्या गृहस्थांनी केले. त्यांनी हयातभर लग्नांचे, सणांचे मांडव वाजविले, आणि आमच्या वडिलांच्या बँडचा आवाज आपल्या भोंग्यांनी बुडवल्याबद्दल वडिलांच्या शिव्याही खाल्ल्या. ते आले, खोलीत नजर फिरवली आणि म्हणाले, "अरे पोरांनो, खोकं आणायच्या आधी खुर्ची का नाही हलवली?"

त्यांचे गणित असे. आवाजाचे उगमस्थान निम्म्या अंतरावर आणले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने चढतो. १२ फुटांवरून ६ फुटांवर, ६ वरून ३ वर, असे दोनदा निम्मे केले की १२ डेसिबल. तेवढाच चढ अॅम्प्लिफायरने मिळवायचा तर सोळापट वॅट लागतील. खोलीत भिंतींवरून आवाज परततो, म्हणून लाभ थोडा कमी. पण तो फुकट आहे. शिवाय दूर बसलेल्या माणसाला मूळ शब्दाबरोबर भिंतीवरून, फरशीवरून, छतावरून उशिरा आलेले त्याच शब्दाचे तुकडेही ऐकावे लागतात. तरुण कान ते निवडून टाकतो. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही.

मग त्यांनी मूळ मुद्दा सांगितला. शब्दाचा आवाज असतो स्वरात: आ, ई, ओ. तो भरदार असतो आणि त्याचे बरेचसे बळ सेकंदाला हजार कंपनांच्या खालीच असते. शब्दाचा अर्थ मात्र पुष्कळदा व्यंजनात असतो, आणि स, श, फ, त, थ ही व्यंजने नाजूक. त्यांचा वावर दोन हजारांपासून आठ हजार कंपनांपर्यंत. वय झाले की कान पहिल्याने वरचीच कंपने सोडतो. बँडवाल्यांचे तर त्याहून लवकर, कारण वर्षानुवर्षे कानाशी पितळ वाजत असते. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' आणि आपण खालचा ढोल वाढवून देतो, म्हणजे उरलीसुरली व्यंजनेही त्याखाली बुडतात.

हे ऐकून आम्हांला एक कल्पना सुचली. बहिणीकडून तिच्या आवाजात वीस शब्द मागवले. एकटे, मागेपुढे वाक्य नसलेले, आणि एकमेकांशी फसवे साम्य असलेले. सात, हात, भात, लात. पान, कान, दान, रान. शाळा, माळा, टाळा. चार, फार, तार. वडिलांनी ऐकायचे आणि उच्चारून दाखवायचे. प्रथम त्यांना हा पोरखेळ वाटला. नंतर बँडच्या तालमीतला शिस्तीचा माणूस जागा झाला. पडद्याच्या स्पीकरवर, १२ फुटांवरून, वीसपैकी नऊ बरोबर आले. नव्या वूफरवर सात! म्हणजे ३,२०० रुपये देऊन आम्ही दोन शब्द गमावले होते. त्यानंतर आरामखुर्ची टेबलाजवळ आणून तेच पडद्याचे स्पीकर पुन्हा वाजवले. बारा. खर्च शून्य.

पण 'सात' अजून 'हात'च येत होता.

तेव्हा फेब्रुवारीत आम्ही तिघे लॅमिंग्टन रोडला निघालो. विरार गाडीने मुंबई सेंट्रल, तेथून धीम्या गाडीने एक स्थानक, ग्रँट रोड. वडिलांना नेण्याचा विचार आधी नव्हता. गर्दीत त्यांची दगदग होईल असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "कान माझे आहेत. तुमचे नेऊन काय करणार?" खिशात ६,००० रुपये आणि एका पेनड्राइव्हवर बहिणीचे वीस शब्द.

पहिल्या दोन दुकानांत दुकानदाराने आपणहून जे गाणे लावले त्याने छातीत धडधड झाली, आणि आमचे वीस शब्द वाजवायची त्याची तयारी नव्हती. तिसरे दुकान जुन्या मालाचे होते. जिन्याखालची जागा, छतापर्यंत पेट्या. मालक तरुण होता, पण त्याला मौज वाटली. त्याने वडिलांना स्टूल दिले, स्पीकरच्या चार जोड्या आळीपाळीने लावल्या, आणि आमचे वडील डोळे मिटून, लॅमिंग्टन रोडच्या त्या गदारोळात मोठ्याने म्हणू लागले, "भात. कान. टाळा. फार." रस्त्याने जाणारे थांबून पाहू लागले. आम्ही कागदावर खुणा करीत होतो. तिसऱ्या जोडीला, सुरुवातीलाच, ते म्हणाले, "सात."

मग डोळे उघडून म्हणाले, "सात म्हणाली ना?"

त्या जोडीवर वीसपैकी सोळा आले. लाकडी पेटी, खाली पाच इंची वूफर, वर उंच कंपनांसाठी एक इंची रेशमी घुमटाचा वेगळा ट्वीटर. दोघांत कंपनांची वाटणी करणारे मंडल आत असते, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. मागे लिहिले होते ८ ओहम, ८७ डेसिबल. हा दुसरा आकडा घेणाऱ्याने जरूर वाचावा. एक वॅट दिला असता एक मीटरवर स्पीकर किती आवाज देतो, ते त्यावरून कळते. शेजारची चकचकीत जोडी ८४ची होती. फरक तीनाचाच दिसतो, पण ८४वाल्याला तोच आवाज देण्यास दुप्पट वॅट लागतात. किंमत ३,००० रुपये. एका पेटीचा कोपरा उडालेला होता. वडिलांनी त्यावरून २०० रुपये कमी करून मागितले, मिळाले नाहीत.

अॅम्प्लिफायरसाठी दुकानदाराने दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, गल्लीतच जोडलेली ४४४० क्रमांकाच्या आयसीची पेटी. ही सान्योची जुनी चीप, दोन बाजूंना सुमारे सहा-सहा वॅट देणारी. कितीतरी घरांतले टेप आणि मोटारींतले संच तिच्यावर चालले. दुसरी, 'क्लास डी' जातीची तळहाताएवढी पेटी, तीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चीप. ही जात सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करून वीज पुरवते, म्हणून तापत फारशी नाही आणि स्वस्तात बसते. खोक्यावर ५० + ५० वॅट लिहिलेले. एव्हाना आम्ही शहाणे झालो होतो. चीपकर्त्यांचा तो आकडा २१ व्होल्ट आणि ४ ओहमला आहे. आमचा अॅडॅप्टर १२ व्होल्टचा आणि स्पीकर ८ ओहमचे. त्यात प्रत्येकी आठ-नऊ वॅट निघाले तरी पुष्कळ. आणि तीन फुटांवर बसलेल्या माणसाशी बोलायला एक वॅटदेखील क्वचितच खर्च होतो. पेटी १,६०० रुपयांना, अॅडॅप्टर ४००ला घेतला.

दुकानदार जाडजूड तारही देऊ करीत होता, फुटाला शंभराच्या वर. सहा फुटांसाठी विजेची साधी दुहेरी तार पुरते. या बाबतीत आमचे मत ठाम आहे आणि घरात त्यावर वाद नाही.

जुन्याच्या फंदात न पडता, अॅम्प्लिफायर पेटीतच असलेली नवी जोडी घ्यावी, असे आज कोणी विचारल्यास आम्ही सांगू. तारा कमी, चुका कमी. तशी एक जोडी तेथे ७,५०० रुपयांना होती आणि वडिलांना तीवरही सोळाच शब्द आले होते. पण खिशात सहा हजार होते.

घरी जोडणी धाकट्याने केली. लावताच वडिलांनी हात वर केला. "ही बाई समोर नाही. माझ्या डोक्यात बसून बोलतेय." पाहतो तो एका स्पीकरला लाल टोकाची तार काळ्यात गेली होती. असे झाले की एका पेटीचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो, आवाज पोकळ होतो आणि त्याला ठिकाण राहत नाही. तार बदलली. ज्या कानांबद्दल आमची मते पडली होती, त्यांनी आमच्या आधी चूक पकडली होती.

मग माउस हलवला की आवाजात बारीक खरखर येऊ लागली. हा संगणकाच्या पोटातल्या विजेचा गोंगाट. ४५० रुपयांचे, यूएसबीला लावायचे एक छोटे ध्वनिकार्ड आणले, तेव्हा ती गेली. संगणकावरचा आवाज बराच वर ठेवून अॅम्प्लिफायरची कळ खाली ठेवायची, उलट नाही, हेही तेव्हाच शिकलो. नाहीतर संगणकाची सरसर उगीच मोठी होऊन ऐकू येते. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले. टेबलावर आईने शिवलेली जुनी गोधडी घातली, म्हणजे लाकडावरून आवाज उसळू नये. टेबल चमत्कारिक दिसते, पण शब्द सतरा झाले.

एक अडचण राहिली. स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून बहिणीला तिचेच बोलणे परत ऐकू येई. मायक्रोफोन वडिलांच्या सदऱ्याला चिमट्याने लावला आणि स्पीकरची तोंडे त्याच्याकडे येणार नाहीत अशी वळवली, तेव्हा ते बरेच कमी झाले.

त्यानंतर जे झाले ते आमच्या योजनेत नव्हते. सतरा शब्द आले त्या रात्री जेवताना वडील एकदम म्हणाले, "उरलेले तीन कुठे आहेत?" आम्ही गप्प राहिलो. "मशीन तर बरोबर आहे. मी ऐकलं ना, चांगलं मशीन आहे." मग भाताकडे पाहत म्हणाले, "त्या कानवाल्या डॉक्टरची वेळ घ्या."

डॉक्टरांनी काढलेला आलेख आम्ही जपून ठेवला आहे. हजार कंपनांपर्यंत रेघ जवळजवळ सपाट, आणि दोन हजारांच्या पुढे घाट उतरावा तशी खाली. उजव्या कानाची अधिक खोल, जिकडे ट्रम्पेट असे. दोन्ही मते बरोबर होती, आणि दोन्ही अपुरी. पण चांगल्या स्पीकरवर 'सात' ऐकला नसता तर आपले काय हरवले आहे हे त्यांना कळले नसते, आणि डॉक्टरांच्या पायरीवर ते चढलेही नसते, असे आम्हांला वाटते. मार्चच्या मध्यात कानांची यंत्रे आली. पहिले आठ दिवस त्यांनी ताटल्यांचा, पंख्याचा आणि आमच्या चपलांचा राग राग केला.

महिनाअखेरच्या शुक्रवारी ते न बोलावता संगणकासमोर येऊन बसले. बहीण सवयीने ओरडून बोलू लागली. "ओरडू नकोस," ते म्हणाले, आणि अॅम्प्लिफायरची कळ स्वतःच्या हाताने खाली केली. थोडा वेळ इकडचे तिकडचे झाले. मग त्यांनी दोन्ही हात गोधडीवर ठेवले.

"तुझ्या सासूबाईंचं मला त्या दिवशी ऐकायला आलं नव्हतं, बाळ. मी भलतंच बोललो. कशाने गेल्या त्या? शेवटी फार त्रास झाला का?"

स्पीकरमधून काहीच आले नाही. त्यांनी वाट पाहिली. मग पुढे वाकून डाव्या पेटीवर बोटाने टकटक केली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बंद पडलं का रे?"

बंद पडले नव्हते.